लशीनंतरची कावीळ : योगायोग किती, कारण किती?

कोविडप्रतिबंधक लसीकरण ऐन भरात असताना ‘लस घेतली आणि पंधरवड्यात कावीळ झाली’ असे सांगणारे रुग्ण जगभरच्या रुग्णालयांत अधूनमधून येऊ लागले. त्यांतील काहींच्या तपासण्यांतून निष्पन्न झालेल्या आजाराचे नाव सर्वसामान्यांच्या कानावर फारसे पडलेले नव्हते. ते नाव ऑटोइम्यून हेपटायटिस. शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेने यकृतावर चाल केल्यामुळे होणारा हा यकृतदाह आहे. २०२१ पासून वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांचे वृत्तान्त प्रसिद्ध होऊ लागले आणि त्यांच्याबरोबर दोन टोकांची मतेही पसरली. ‘लशीने यकृत नासते’ असा सरसकट निष्कर्ष समाजमाध्यमांवरून फिरला, तर ‘लशीचा आणि यकृताचा काडीचाही संबंध नाही’ असे ठासून सांगणारेही कमी नव्हते.

उपलब्ध पुरावा यांपैकी कोणत्याही टोकाला बळ देत नाही. मोजक्या रुग्णांत लशीचा संबंध नाकारता येण्यासारखा नाही. त्याच वेळी, लक्षावधी लोकांच्या नोंदी तपासल्यावर यकृताला इजा होण्याचे प्रमाण लशीमुळे वाढल्याचे दिसत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, आणि सामान्य माणसाने त्यातून नेमका कोणता व्यवहार शिकावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण हा आजार वेळेत ओळखला तर औषधांना चांगला प्रतिसाद देतो आणि दुर्लक्षिला तर यकृत निकामी करू शकतो.

आजार मुळात कोणता?

यकृत हे सुमारे दीड किलो वजनाचे, पोटाच्या उजव्या बाजूस बरगड्यांखाली वसलेले इंद्रिय. आतड्यांतून येणारे रक्त आधी त्याच्याकडे जाते. अन्नातील, औषधांतील आणि जंतूंमधील असंख्य परके पदार्थ त्याच्यासमोरून रोज जात असतात. त्यामुळे यकृतातील प्रतिकारपेशींना बऱ्याच गोष्टींकडे काणाडोळा करण्याची सवय असावी लागते. ही सहिष्णुता ढळली, की प्रतिकारयंत्रणा यकृताच्या पेशींनाच परके समजू लागते. पांढऱ्या पेशी यकृतात शिरतात, दाह सुरू होतो आणि तो दीर्घकाळ चालला तर निरोगी ऊतींच्या जागी व्रणासारखे तंतू साठत जातात. सिरॉसिसकडे जाणारी वाट ती हीच.

स्वीडनचे डॉक्टर यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९५० मध्ये तरुण स्त्रियांत आढळणाऱ्या अशा दीर्घकालीन यकृतदाहाचे वर्णन केले. रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन प्रथिने या रुग्णांत कमालीची वाढलेली होती. पुढे ऑस्ट्रेलियाचे इयन मॅके यांनी मेलबर्नमधील अभ्यासातून हा प्रतिकारयंत्रणेचा आजार असल्याची मांडणी पुढे नेली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी लंडन आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे झालेल्या चाचण्यांनी उपचाराचा प्रश्न सोडवला. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे दिल्यास मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे घटते, असे त्यांत दिसून आले. आजही प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन हीच या उपचाराची मुख्य औषधे आहेत, आणि दहापैकी सुमारे आठ रुग्णांत आजार आटोक्यात येतो.

या आजाराच्या रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट अधिक असते. तो बालवयापासून उतारवयापर्यंत कधीही होऊ शकतो. काहींना थकवा आणि सांधेदुखीपलीकडे काही जाणवत नाही, तर काहींना एकदम कावीळ होते. निदानाच्या वेळी जवळपास एकतृतीयांश रुग्णांत सिरॉसिस आधीच सुरू झालेला असतो. म्हणजे आजार आत पुष्कळ आधी शिरलेला असतो आणि ध्यानात मात्र नंतर येतो. लशीच्या चर्चेत हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो.

संशय कशावरून आला?

आरंभीच्या वृत्तान्तांपैकी एक २०२१ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. ३५ वर्षांच्या एका स्त्रीला फायझरच्या लशीची पहिली मात्रा घेतल्यानंतर आठवडाभराने अंगाला खाज सुटली आणि पुढे कावीळ दिसू लागली. बायोप्सीत ऑटोइम्यून हेपटायटिसची चिन्हे आढळली आणि स्टेरॉइडने तिला गुण आला. पण तिची प्रसूती होऊन तीनच महिने झाले होते, आणि बाळंतपणानंतरचा काळ हा आजार उफाळण्यासाठी आधीपासूनच प्रसिद्ध आहे. गरोदरपणात प्रतिकारयंत्रणा काहीशी शांत झालेली असते. प्रसूतीनंतर ती पुन्हा जागी होते. म्हणून संबंधित डॉक्टरांनीही कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याचा दावा केला नव्हता.

त्यानंतर निरनिराळ्या देशांतून असे वृत्तान्त येत गेले. चेन्नईतील डॉक्टरांनी कोविशील्ड घेतलेल्या दोन रुग्णांची माहिती २०२१ मध्येच प्रसिद्ध केली. एकेकट्या वृत्तान्ताचे वजन कमी असते, परंतु दोन रुग्णांच्या कहाण्यांनी तज्ज्ञांना अधिक गांभीर्याने विचार करायला लावले. ब्रिटनमधील ४७ वर्षांच्या एका पुरुषाला मॉडर्ना लशीच्या पहिल्या मात्रेनंतर तीन दिवसांत कावीळ झाली व हळूहळू ओसरली. दुसरी मात्रा घेताच ती अधिक तीव्रतेने परतली. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील ५२ वर्षांच्या पुरुषातही फायझरच्या दोन्ही मात्रांनंतर दोनदा यकृतदाह झाला. तेथील संशोधकांनी यकृताचा तुकडा तपासला, तेव्हा दाहाच्या जागी गोळा झालेल्या टी-पेशींमध्ये विषाणूच्या स्पाइक प्रथिनाला, म्हणजे लशीतून शिकवल्या गेलेल्या नेमक्या लक्ष्याला, ओळखणाऱ्या पेशीही सापडल्या.

औषधांच्या दुष्परिणामांचा छडा लावताना ‘पुन्हा दिले, पुन्हा झाले’ हा पुरावा मोठा मानला जातो. एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल. तीच वस्तू दुसऱ्यांदा शरीरात जाताच तीच प्रतिक्रिया उमटली, तर त्या विशिष्ट रुग्णापुरता तरी योगायोग म्हणणे कठीण होते.

२०२२ मध्ये १८ देशांतील ८७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे मध्यक वय ४८ वर्षे होते आणि लशीनंतर साधारण १५ दिवसांनी त्यांना त्रास सुरू झाला होता. ५९ टक्के जणांनी फायझरची, २३ टक्के जणांनी ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची आणि १८ टक्के जणांनी मॉडर्नाची लस घेतली होती. त्यांपैकी ५७ टक्क्यांत प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडाची लक्षणे सापडली. निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना स्टेरॉइड द्यावे लागले. एका पुरुषाचे यकृत निकामी होऊन त्याच्यावर प्रत्यारोपण करावे लागले, बाकी सर्वांचा यकृतदाह शमला.

याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण बोलके आहे. ज्या १२ रुग्णांचे स्टेरॉइड पूर्ण बरे वाटल्यावर थांबवले गेले, त्यांच्यापैकी एकातही निरीक्षणकाळात आजार उलटला नाही. मूळच्या ऑटोइम्यून हेपटायटिसमध्ये औषध थांबवल्यावर निम्म्याहून अधिक रुग्णांत तो परततो आणि बहुतेकांना वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणून अनेक यकृततज्ज्ञ लशीनंतरच्या या प्रकाराला जन्माची सोबत करणारा आजार न मानता, औषधामुळे उद्भवणाऱ्या तात्पुरत्या यकृतदाहाच्या जवळचा मानतात. रुग्णाच्या दृष्टीने हा फरक मोठाच दिलासा आहे, मात्र तो ठरवायला काही महिन्यांची देखरेख लागते.

‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे, हे कसे कळणार?

आता दुसरी बाजू. ऑटोइम्यून हेपटायटिस लसी नसतानाही होतच होता. युरोपातील नोंदींनुसार दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण एक नवा रुग्ण आढळतो. हा दर आपल्याकडे तंतोतंत लागू पडेलच असे नाही, तरी गणितापुरता तो गोव्याला लावून पाहू. राज्यातील प्रौढांची संख्या सुमारे ११ लाख धरली, तर लस असो वा नसो, वर्षाला सुमारे ११ प्रौढांत हा आजार नव्याने निष्पन्न होईल. गोव्यातील पात्र प्रौढांना पहिली मात्रा देऊन झाल्याचे राज्य सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रौढ नागरिकाच्या आयुष्यात त्या वर्षी ‘लशीनंतरचे आठ आठवडे’ हा काळ येऊन गेला. केवळ योगायोगाने त्या आठ आठवड्यांत पडू शकणारे रुग्ण जवळपास दोन, आणि दोन मात्रांचा हिशेब धरला तर तीन ते चार.

या तीन-चार जणांपैकी प्रत्येकाचे घर, शेजारपाजार आणि कचेरी ‘लस घेतल्यावर झाले’ असेच म्हणणार. ते खोटेही नसेल. पण लस घेतली नसती तरी ते आजारी पडलेच असते. देशातील सुमारे ९४ कोटी प्रौढांचा हाच हिशेब मांडला, तर वर्षाला नऊ हजारांहून अधिक नवे रुग्ण कोणत्याही लशीविना अपेक्षित ठरतात. अशा वेळी नियतकालिकांत शे-दीडशे वृत्तान्त प्रसिद्ध होणे, एवढ्यावरून धोका मोजता येत नाही. त्यात आणखी एक गोम अशी, की लशीनंतर झालेली कावीळ कुतूहलाचा विषय ठरते व तिची बातमी होते. लशीआधीच्या आठवड्यात झालेल्या काविळीची कोणी नोंदही घेत नाही.

कोकणपट्टीतील वाचकांना एक स्थानिक गुंताही ठाऊक असायला हवा. २०२१ मधील लसीकरणाचा मोठा भाग पावसाळ्याच्या महिन्यांत पार पडला. दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ए आणि ई ही कावीळ, लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू, मलेरिया हे सारे यकृताला त्रास देणारे आजार याच काळात डोके वर काढतात. पिवळे डोळे पाहून लशीकडे बोट दाखवण्यापूर्वी ही सगळी कारणे एकेक करून बाद करावी लागतात.

मोठ्या नोंदी काय सांगतात?

खरे उत्तर मिळवायचे तर लस घेतलेल्या मोठ्या समूहात आजाराचे प्रमाण अपेक्षेहून वाढले का, हे पाहावे लागते. हाँगकाँगमधील संशोधकांनी सुमारे २३ लाख लस घेतलेल्या लोकांच्या आरोग्यनोंदी तपासल्या. तेथे फायझरच्या तंत्राची एमआरएनए लस आणि चीनची कोरोनाव्हॅक ही निष्क्रिय विषाणूची लस अशा दोन लसी वापरात होत्या. प्रत्येक मात्रेनंतरच्या ५६ दिवसांत यकृताला तीव्र इजा होण्याचा धोका, त्याच लोकांच्या इतर काळाच्या तुलनेत, वाढल्याचे आढळले नाही. खुद्द कोविडच्या संसर्गानंतर मात्र यकृताला इजा होण्याचे प्रमाण कितीतरी अधिक होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षाविषयक समितीनेही एमआरएनए लसींबाबत आलेल्या अहवालांचे परीक्षण केले आणि उपलब्ध माहितीवरून कार्यकारणसंबंधाला आधार मिळत नाही, असा निष्कर्ष काढला.

या निष्कर्षांची मर्यादाही समजून घ्यावी. हाँगकाँगचा अभ्यास यकृताच्या सर्व प्रकारच्या तीव्र इजेविषयी होता, केवळ ऑटोइम्यून हेपटायटिसविषयी नव्हता. शिवाय दहा लाखांत एखाद्यालाच होणारी गोष्ट एवढ्या नोंदींतही हाती लागेलच असे नाही. म्हणून ‘कोणालाही कधीही होणार नाही’ असे हे अभ्यास म्हणत नाहीत. ‘झालेच तर ते इतके विरळ आहे, की लोकसंख्येच्या पातळीवर उमटत नाही’ एवढे ते सांगतात.

विरळ दुष्परिणाम शोधण्याची ही रीत कुचकामी आहे, असे कोणी म्हणेल तर इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिल्यावर गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढल्याचे ध्यानात आले. हे प्रमाण लस घेतलेल्या दर लाखामागे सुमारे एक इतके अल्प होते, तरीही ते सापडले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोहीम थांबवण्यात आली. ॲस्ट्राझेनेका लशीनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट घटण्याचा विरळ दुष्परिणामही लसीकरण सुरू झाल्यावर काही महिन्यांतच, एप्रिल २०२१ मध्ये, युरोपीय संस्थेने मान्य केला. जेथे संबंध खरा व मोजण्याजोगा होता, तेथे तो दडून राहिला नाही.

घडत असेल तर कसे?

ज्या मोजक्या रुग्णांत संबंध संभवतो, त्यांच्यात नेमके काय होत असावे याविषयी तीन तर्क मांडले जातात. पहिला साधर्म्याचा. लशीतून ओळख करून दिलेल्या प्रथिनाचा एखादा तुकडा शरीरातील एखाद्या प्रथिनासारखा असेल, तर परक्यासाठी तयार झालेली प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटू शकते. दुसरा तर्क सरसकट जागृतीचा. लस प्रतिकारयंत्रणेला चेतवते. त्या गडबडीत आजवर गप्प बसलेल्या, यकृतविरोधी कल असलेल्या पेशीही जाग्या होतात. तिसरा तर्क सर्वांत साधा आहे. आजार आधीपासूनच आत धुमसत होता, लशीने त्याला केवळ उघडे केले.

अशी ठिणगी लशीवाचूनही पडू शकते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इटलीतील संशोधकांनी या आजाराच्या रुग्णांच्या ५८ निरोगी नातलगांवर काही वर्षे लक्ष ठेवले होते. त्यांच्यापैकी तिघांना हेपटायटिस ए विषाणूचा संसर्ग झाला आणि त्या तिघांतील दोघांना पुढे ऑटोइम्यून हेपटायटिस जडला. घरातून आलेला जनुकीय कल आणि बाहेरून आलेला एखादा धक्का अशी जोडी जुळावी लागते, असे यावरून दिसते. नायट्रोफ्युरँटोइन हे मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावरचे औषध आणि मुरुमांवर दिले जाणारे मिनोसायक्लिन यांनीही असा यकृतदाह होऊ शकतो, हे पुष्कळ आधीपासून ज्ञात आहे.

काढ्याचा हिशेब कोण ठेवणार?

लशीच्या चर्चेत आपल्याकडे एक संशयित बहुधा सुटून जातो. करोनाच्या काळात ‘प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी’ घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला गेला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये अशा सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांना कावीळ झाली होती आणि त्यांच्या तपासण्यांत ऑटोइम्यून हेपटायटिससारखी चिन्हे होती. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, याची खातरजमा झालेली नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढे देशातील १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सेवन सुरू केल्यापासून साधारण दीड महिन्याने लक्षणे दिसली होती आणि बहुसंख्य रुग्णांत ऑटोइम्यून स्वरूपाच्या खुणा आढळल्या होत्या.

वाद वनस्पतीच्या ओळखीचा असो वा मात्रेचा, वैद्यकीय तपासणीच्या दृष्टीने धडा एकच. लस घेतल्याची तारीख रुग्णाला पक्की आठवते, तिचे प्रमाणपत्रही असते. रोज सकाळी घेतलेल्या काढ्याची, अंगदुखीसाठी आणलेल्या गोळ्यांची, व्यायामशाळेत सुचवलेल्या भुकटीची नोंद मात्र कोठेच नसते. डॉक्टर विचारत नाहीत आणि ‘ते काही औषध नव्हे’ म्हणून रुग्णही सांगत नाही. मग आठवणीत जी गोष्ट ठळक असते, तिच्यावरच दोष येतो.

निदान कसे होते?

ऑटोइम्यून हेपटायटिसचा निवाडा एका चाचणीने होत नाही. प्रथम यकृतकार्याची रक्ततपासणी होते. त्यात एसजीपीटी आणि एसजीओटी वाढलेले असतात, कधी बिलिरुबिनही. मग हेपटायटिस ए, बी, सी आणि ई या विषाणूंचा शोध, मद्यपानाची व औषधांची चौकशी आणि सोनोग्राफी. त्यानंतर रक्तातील आयजीजी या प्रतिपिंडाचे प्रमाण आणि एएनए, एएसएमए यांसारखी स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे पाहिली जातात. एएनए चाचणी थोड्या प्रमाणात निरोगी माणसांतही सकारात्मक येऊ शकते, म्हणून तिच्या एका कागदावरून घाबरून जाऊ नये. अखेरचा कौल बहुधा बायोप्सीचा असतो. सुईने काढलेल्या यकृताच्या बारीकशा तुकड्यात दाहाची जागा आणि त्यातील पेशींचा प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

ही पायरी-पायरीची वाट आपल्याकडे अनेकदा सुरूच होत नाही. कावीळ म्हटली की गावठी मुळी, गळ्यात घालायची माळ, हातावर चुन्याचे पाणी अशी उतरवण्याची पद्धत गावोगाव रूढ आहे. पाण्यातून आलेली विषाणुजन्य कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. ऑटोइम्यून हेपटायटिस मात्र असा सोडून देण्याजोगा नाही. तीव्र आजारात वाया गेलेले तीन-चार आठवडे यकृत वाचवण्यास पुरेसे ठरू शकले असते. उलटपक्षी, ‘लशीची कावीळ आहे, स्टेरॉइडने उतरेल’ असे ऐकून स्वतःहून गोळ्या सुरू करणेही तितकेच धोक्याचे. मूळ आजार हेपटायटिस बी असेल, तर स्टेरॉइडने तो भडकू शकतो.

आजार आधीपासून असेल तर?

ज्यांना ऑटोइम्यून हेपटायटिस आधीच आहे, त्यांच्या मनात लशीविषयी सर्वाधिक भीती असते. वस्तुतः प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असल्याने त्यांना संसर्गाचा धोका इतरांहून अधिक असतो. म्हणूनच यकृतविषयक वैद्यकीय संघटनांनी त्यांना कोविडची लस घेण्याचा सल्ला दिला. हेपटायटिस ए आणि बी यांच्या लशीही या रुग्णांनी, शक्यतो औषधोपचार सुरू होण्याआधीच, घ्याव्यात अशी शिफारस आहे. लस घेण्यासाठी स्टेरॉइड किंवा अझाथायोप्रिन मनानेच बंद करणे हा सर्वांत वाईट पर्याय होय, कारण औषध तुटल्याने आजार उसळण्याची शक्यता लशीच्या संभाव्य धोक्याहून कितीतरी मोठी आहे.

एका बाबतीत मात्र सावधगिरी हवीच. गोवर, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लशींत जिवंत पण दुर्बल केलेले जंतू असतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना अशा लशी सामान्यतः देत नाहीत. गोव्यातून जहाजांवर नोकरीला जाणाऱ्यांना काही देशांसाठी पीतज्वराची लस घ्यावी लागते. अशा औषधांवर असलेल्या खलाशाने लसीकरण केंद्रावर ही गोष्ट लपवू नये. नोकरी जाईल या भीतीने धरलेले मौन जिवावर बेतू शकते.

ज्यांना एखाद्या लशीनंतर यकृतदाह होऊन गेला आहे, त्यांनी त्याच लशीची पुढची मात्रा यकृततज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. ब्रिटन आणि जर्मनीतील वर उल्लेखिलेल्या दोन्ही रुग्णांचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. मात्र त्यावरून ‘यापुढे कोणतीच लस नको’ असा अर्थ काढण्याचे कारण नाही.

नोंद होणे का आवश्यक?

भारतात लसीकरणानंतर उद्भवणाऱ्या प्रतिकूल घटनांची नोंद ठेवण्याची शासकीय यंत्रणा आहे. ज्या आरोग्य केंद्रात लस घेतली तेथे, किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फत, ही माहिती जिल्ह्याच्या लसीकरण अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवता येते. औषधांच्या व लशींच्या दुष्परिणामांसाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. गंभीर प्रकरणांचे तज्ज्ञ समित्या मूल्यमापन करतात आणि ती चार गटांत मांडतात : लशीशी संबंध सुसंगत, संबंध अनिश्चित, केवळ योगायोग, आणि माहितीअभावी वर्गीकरण अशक्य. शेवटच्या गटात जितकी प्रकरणे पडतील तितके आपले ज्ञान अपुरे राहते. लस कोणती, कोणत्या दिवशी घेतली, त्रास केव्हा सुरू झाला, सोबत काय काय घेतले जात होते, आणि पूर्वीच्या एखाद्या रक्ततपासणीचा अहवाल असल्यास तो, एवढे कागद जपले तरी निर्णय सोपा होतो. लशीआधीच एसजीपीटी वाढलेला होता, असे जुन्या अहवालात दिसले, तर सारे चित्रच पालटते.

देशात कोविड लशीच्या २२० कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या आहेत आणि इन्फ्लुएन्झापासून हेपटायटिस बीपर्यंतच्या लशी पुढेही दिल्या जाणारच आहेत. लस घेतलेल्या प्रत्येकाने यकृताची तपासणी करून घेण्याची मुळीच गरज नाही. एक-दोन दिवसांचा ताप, अंगदुखी आणि थकवा हा लशीचा नित्याचा परिणाम असून तो आपोआप ओसरतो. परंतु लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत डोळे किंवा त्वचा पिवळी दिसू लागली, लघवी गडद झाली, अंगाला सतत खाज सुटली, अन्नावरची वासना उडाली किंवा थकवा हटेना, तर दोन-चार दिवसांत यकृतकार्याची रक्ततपासणी करून घ्यावी. गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा रक्तस्राव दिसला, तर तासाचाही विलंब न लावता मोठे रुग्णालय गाठावे. कारण लस होती की पावसाळ्याचे पाणी, की उकळलेला काढा, याचा निवाडा पुढे सावकाश होत राहील. रुग्णाला त्या घडीला आवश्यक असते ते वेळेवर झालेले निदान.